रमजानची मुंबई दिवसाही पाहा

रमजानचा चंद्र दिसला की मुंबईत एका सहलीचे बेत सुरू होतात. ठाणे, डोंबिवली, वसई, अगदी पुण्याहूनही मित्रमंडळींचे गट निघतात आणि दिवेलागणीनंतर मोहम्मद अली रोडवर उतरतात. मिनारा मशिदीच्या बाजूच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. एकीकडे कढईत मालपुवा तळला जात असतो, दुसरीकडे निखाऱ्यांवर सीख कबाब, पुढे मातीच्या वाटीतली फिरनी. फोटो निघतात, पोट भरते आणि शेवटची लोकल पकडून मंडळी घरी जातात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगतात, ‘काल रमजान पाहून आलो.’

यात गैर काहीच नाही. दस्तरखानावर पाहुणा येणे ही बरकत मानली जाते. शिवाय त्या गल्लीतल्या कित्येक विक्रेत्यांची मोठी कमाई याच एका महिन्यात होते. पण रात्री येऊन रात्रीच परतणाऱ्याला रमजानचा फक्त शेवटचा तास दिसतो. त्याआधीचे तेरा तास त्याच्या नजरेला पडत नाहीत. पहाटे सहरीचे दोन घास खाऊन कामावर गेलेला हमाल, दुपारी कोरड्या ओठांनी कापड मोजणारा दुकानदार, तहान लागली असताना दुसऱ्यासाठी सरबत ढवळणारा पोरगा, हे सगळे दिवसाच दिसतात. रमजान म्हणजे एक चविष्ट रस्ता, असा समज मग पक्का होत जातो.

म्हणून एखादी सहल दिवसा करावी. त्यासाठी रोजा ठेवायलाच हवा असे नाही. मात्र ठेवला, तर हे शहर थोडे वेगळे दिसते. समुद्राने वेढलेल्या मुंबईत दिवसभर पाण्याच्या काठाने फिरायचे आणि सूर्य बुडेपर्यंत त्यातला एक घोटही प्यायचा नाही, असा हा प्रवास आहे.

लांब नको, जवळच

मुंबईकरांच्या एका दिवसाच्या सहली ठरलेल्या आहेत. गेटवेवरून लाँचने घारापुरी, मांडव्यामार्गे अलिबाग, कल्याणजवळचा हाजी मलंगचा डोंगर, आणि पहाटे निघण्याची तयारी असेल तर मुरूडचा जंजिरा. रोजेदाराला यातली निवड जरा विचारपूर्वक करावी लागते. घारापुरीला लाँचमध्ये तासभर ऊन आणि खारा वारा सोसायचा, वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या चढायच्या. हाजी मलंगची चढण तर त्याहून दमवणारी.

इस्लामने प्रवाशाला सवलत दिलेली आहे. प्रवासात असलेल्याने किंवा आजारी माणसाने रोजा सोडून तो नंतर भरून काढावा, अशी मुभा कुरआनातच आहे. प्रवास कशाला म्हणायचे, यासाठी फिकहच्या जाणकारांनी साधारण पंचाहत्तर ते ऐंशी किलोमीटरचे अंतर सांगितले आहे. मुरूडला निघालेला मुंबईकर या हिशेबाने मुसाफिर ठरतो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने सिद्दींच्या किल्ल्यात जाताना त्याला पाणी पिण्याची मोकळीक असते. माहीमहून भेंडी बाजारात जाणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

तरीही रोजा ठेवून करण्यासारखी सहल ही शहरातलीच आहे. चढण नाही, अंतर थोडे, आणि वाटेत प्रत्येक नमाजेला सावलीची जागा.

माहीम : पाण्याचा पेला

सुरुवात माहीमपासून करावी. सकाळी नऊच्या सुमाराला हजरत मखदूम फकीह अली माहिमी यांच्या दर्ग्यात फारशी गर्दी नसते. फुलवाले नुकते पाटी मांडत असतात. एरवी धूर आणि आवाजाने भरलेली खाण्याची दुकाने अर्ध्या शटरआड असतात.

मखदूम साहेबांचा जन्म १३७२चा आणि निधन १४३१मधले. मुंबई नावाचे शहर तेव्हा नव्हते. बेटे होती आणि त्यांतले माहीम हे नांदते बंदर होते. समुद्रमार्गाने येऊन कोकण किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या नवायत घराण्यातला हा विद्वान. त्यांनी अरबीत लिहिलेले कुरआनाचे भाष्य ‘तफसीर-ए-रहमानी’ या नावाने ओळखले जाते. भारतात लिहिल्या गेलेल्या सुरुवातीच्या तफसीरांत त्याची गणना होते. म्हणजे ज्या किनाऱ्याला आज आर्थिक राजधानी म्हणतात, त्याची पहिली मोठी ओळख ज्ञानाचीही होती.

मात्र लोकांच्या तोंडी त्यांची आठवण आहे ती एका पेल्यामुळे. लहानपणी एका रात्री आईने त्यांच्याकडे पाणी मागितले. पेला भरून आणेपर्यंत तिला झोप लागली. तिला उठवायचे नाही, आणि जाग आली तर पाणी हाताशी हवे, म्हणून मुलगा पेला धरून सकाळपर्यंत तिच्या उशाशी उभा राहिला. ही आख्यायिका माहीममध्ये आजही घरोघरी मुलांना सांगितली जाते. रोजा ठेवलेल्या माणसाला ती जास्त कळते. हातात पाणी आहे, पण ते आपल्यासाठी नाही, ही अवस्था त्याला ओळखीची असते.

या दर्ग्याचे आणखी एक वैशिष्ट्य मुंबईकरांना ठाऊक आहे. डिसेंबरमध्ये भरणाऱ्या माहीमच्या मेळ्यात पहिल्या संदलचा मान मुंबई पोलिसांचा असतो. वर्दीतले अधिकारी, त्यांचा धर्म कोणताही असो, डोक्यावर संदल घेऊन चालतात.

मशिदीखालचे तळे

माहीम स्थानकावरून हार्बर मार्गाची सीएसएमटी लोकल पकडली की गाडी न बदलता मशीद स्थानकात उतरता येते. या स्थानकाचे नाव मुस्लिमांच्या मशिदीवरून पडले असावे, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ते जवळच्या सॅम्युअल स्ट्रीटवरच्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून आले, असे मानले जाते. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींनी १७९६मध्ये बांधलेल्या या सिनेगॉगला लोक ‘जुनी मशीद’ म्हणत. एका स्थानकाच्या पाटीवर दोन धर्म असे शेजारी नांदत आहेत.

तिथून पश्चिमेला गर्दीतून वाट काढत मंगलदास मार्केटच्या दिशेने चालत गेले की जामा मशीद लागते. बाहेर कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, सोन्याचांदीच्या दुकानांची रांग आणि घामाघूम माणसे. आत पाऊल टाकले की अचानक गारवा आणि समोर हिरवट पाण्याचे मोठे तळे. मशीद त्याच्या काठावर नाही, वरच उभी आहे. फार पूर्वीपासून इथे एक तलाव होता. तो न बुजवता त्याच्या तळातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी उभारल्या आणि त्यांच्यावर मशिदीचा डोलारा पेलला. पाण्यात मासे फिरत असतात.

ही वास्तू कोकणी मुस्लिमांची. काम पूर्ण झाल्याचे वर्ष एका नावात दडवलेले आहे, ‘जहाज-ए-आखिरत’. म्हणजे परलोकीचे जहाज. अरबी-फारसी लिपीत प्रत्येक अक्षराला एक अंक असतो. ‘जहाज’ची बेरीज १६ आणि ‘आखिरत’ची १२०१. दोन्ही मिळून १२१७. हे हिजरी वर्ष म्हणजे इसवी १८०२. पाण्यावर उभ्या असलेल्या मशिदीला जहाज म्हणणे दर्यावर्दी माणसांनाच सुचू शकते. हे लोक जहाजांचे मालक होते, तांडेल होते, नाखुदा होते. नाखुदा म्हणजे जहाजाचा कप्तान. पायधुनीच्या बाजूला नाखुदा मोहल्ला आजही आहे. पायधुनी हे नावही पाण्याचेच. बेटांमधल्या खाडीचे पाणी इथपर्यंत येई, ते ओलांडून आलेला माणूस इथे पाय धुई.

दुपारच्या जोहरच्या नमाजेआधी तळ्याच्या पायऱ्यांवर वजू करणाऱ्यांची रांग लागते. हात, तोंड, चेहरा, पाय धुतले जातात. रोजेदार तोंडात पाणी घेतो, जपून चूळ भरतो आणि टाकून देतो. बाहेर मार्च महिन्याचे ऊन, घसा कोरडा, तोंडात गार पाणी. एक घोट गिळला तरी शेजाऱ्याला कळणार नाही. तरीही कुणी गिळत नाही. रोजा म्हणजे काय, असे विचारणाऱ्याला या पायऱ्यांवर नेऊन बसवावे. नमाज आणि दान लोकांना दिसते. रोजा मात्र माणूस आणि त्याचा निर्माता या दोघांतच राहतो.

चालत्या अंतरावर चार वेळापत्रके

मशिदीतून निघून डोंगरी आणि भेंडी बाजाराच्या दिशेने चालावे. या पट्ट्यात ‘मुस्लिम समाज’ या शब्दाचे किती पदर आहेत, हे घड्याळाकडे पाहूनच समजते.

कोकणी मुस्लिम शाफई पंथाचे. केरळपासून कोकणापर्यंत किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांबरोबर ही परंपरा आली. मेमन आणि उत्तरेकडून आलेले बहुसंख्य मुस्लिम हनफी. दोघांची असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज एका वेळी होत नाही. शाफईंची अजान आधी होते, हनफींची पाऊण-एक तासाने.

डोंगरीत इमामवाड्याजवळ मुघल मशीद लागते. इराणी व्यापारी हाजी मोहम्मद हुसैन शिराजी यांनी ती १८६०मध्ये बांधवली. त्या काळी मुंबईत इराण्यांना ‘मुघल’ म्हणत, म्हणून हे नाव. दिल्लीच्या बादशहांशी तिचा संबंध नाही. निळ्या फरशांची नक्षी, दोन मिनार, घुमट नाही, आणि आत बाग व हौद. रस्त्यावरच्या गोंगाटातून आत आलेला माणूस क्षणभर थबकतो. ही शिया पंथीयांची मशीद. इथे रोजा सुन्नींपेक्षा दहा-पंधरा मिनिटे उशिरा सुटतो. सूर्यास्तानंतर आकाशातली लाली ओसरेपर्यंत ते थांबतात.

पुढे भेंडी बाजारात दाऊदी बोहरा समाजाचा रौदत ताहेरा आहे. सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांची ही संगमरवरी समाधी १९७५मध्ये खुली झाली. आतल्या भिंतींवर संपूर्ण कुरआन सोनेरी अक्षरांत कोरलेले आहे. बोहरा समाज चंद्र पाहून महिना ठरवत नाही, गणिती पंचांग वापरतो. त्यामुळे त्यांचा पहिला रोजा बहुधा शेजाऱ्यांच्या एक-दोन दिवस आधीच झालेला असतो.

म्हणजे पायी फिरता येईल एवढ्या अंतरात अजानच्या, इफ्तारच्या आणि अगदी ईदच्याही वेळा वेगळ्या. घराघरांतली ताटेही वेगळी. कोकणी घरात नारळाच्या दुधासोबत सांदण असेल, बोहरा घरात मोठ्या थाळीभोवती सगळे बसून आधी चिमूटभर मीठ चाखतील. मोहम्मद अली रोडच्या गर्दीत रात्री हे फरक दिसत नाहीत. तिथे सगळ्यांना एकच नाव असते, ‘रमजानचे खाणे’.

ही सहल लवकर करण्याचे आणखी एक कारण याच भागात आहे. भेंडी बाजारातल्या साडेसोळा एकरांवर जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. मोडकळीला आलेल्या इमारतींत जीव मुठीत धरून राहणाऱ्यांना पक्की घरे मिळणे गरजेचेच होते. पण लाकडी सज्जातून खाली टोपली सोडून फेणी-खजला वर घेणारी मुंबई, सहरीला दारोदार हाक मारत जाणाऱ्याची मुंबई बाराव्या मजल्यावर तशीच पोहोचेल का, याचे उत्तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडेही नाही. त्यांच्याशी दोन शब्द बोलायला दुपारच बरी. रात्री कुणाला उसंत नसते.

भरतीचे गणित

असर जवळ आली की हाजी अलीकडे निघावे. वरळीच्या किनाऱ्यापासून समुद्रात गेलेली अर्ध्या किलोमीटरची पायवाट आणि तिच्या टोकाला पीर हाजी अली शाह बुखारी यांचा पांढरा दर्गा. मोठ्या भरतीला ही वाट पाण्याखाली जाते आणि दर्गा बेट होऊन बसतो. तेव्हा जाण्याआधी भरती-ओहोटी पाहणे भाग आहे. आता मोबाइलवर तक्ते मिळतात. कोळी बांधवांचा हिशेब त्याहून जुना आहे आणि तो रमजानलाही लागू पडतो.

हा हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरच्या भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हिजरी महिनाही चंद्राचाच. पहिला रोजा बहुधा द्वितीयेच्या आसपास येतो. म्हणजे रोजाच्या आकड्यात एक मिळवला की जवळपास तिथी हाती येते. चौदाव्या रोजाला पौर्णिमेचे उधाण. दुपारी बाराच्या आत-बाहेर पाणी चढते आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ओसरून खडक उघडे पडतात. सातव्या-आठव्या रोजाला भरती नेमकी इफ्तारच्या वेळी येते, पण तेव्हा भांग असते, पाणी फार चढत नाही. पंचांग पाहणारा कोळी आणि चंद्र पाहणारा रोजेदार, दोघांचे घड्याळ आकाशात एकाच ठिकाणी टांगलेले आहे. तरीही पायवाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी त्या दिवसाचा तक्ता पाहावा आणि तिथल्या माणसांचे ऐकावे.

हाजी अलींबद्दल अशी आख्यायिका आहे, की त्यांनी आपला मृतदेह समुद्राच्या स्वाधीन करायला सांगितले आणि लाटांनी तो याच खडकांवर आणून ठेवला. समुद्रातून येणे आणि समुद्रातून जाणे, दोन्ही या शहराच्या रक्तात आहे. पूर्वी देशभरातले हजयात्रेकरू मुंबईला येत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात उतरत आणि बंदरावरून जेद्दाहच्या बोटीत बसत. हा सागरी प्रवास १९९५पर्यंत चालू होता. त्यानंतर हजला फक्त विमान राहिले.

या दर्ग्याच्या इतिहासातला एक ताजा अध्यायही लक्षात ठेवावा. मजारीजवळ जाण्यास स्त्रियांना केलेली मनाई काही मुस्लिम महिलांनी न्यायालयात आव्हान दिल्यावर २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उठवली. त्याच वर्षी दर्गा व्यवस्थापनाने सर्वोच्च न्यायालयात हा हक्क मान्य केला. आज आई, बहीण, मुलगी यांना बरोबर घेऊन इथे येणाऱ्या कुटुंबाला ते सहज वाटते. ते सहज मिळालेले नाही.

मग तो घोट

सूर्य खाली उतरू लागतो तशी दर्ग्याच्या आवारात आणि वाटेवर माणसे बसू लागतात. कुणी वर्तमानपत्र पसरतो, कुणी रुमाल. पिशवीतून खजूर, कापलेले कलिंगड, भजी, पाण्याच्या बाटल्या निघतात. एकटा आलेला माणूस एकटा राहत नाही. शेजारचा न विचारता त्याच्यासमोर दोन खजूर सरकवतो. रोजेदाराचा रोजा सोडवणाऱ्याला त्याच्याइतकेच पुण्य मिळते, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे खाऊ घालण्याची इथे चढाओढच लागते. रोजा नसलेल्या पाहुण्यालाही आग्रह होतो. तो घास नाकारू नये.

शेवटची पाच मिनिटे कुणी फारसे बोलत नाही. दुआ कबूल होण्याची ही वेळ मानतात. समोर सगळा पाण्याचा विस्तार, हातात पाण्याची बाटली, आणि माणसे थांबलेली. सूर्य समुद्रात बुडतो, अजान होते, खजूर तोंडात जातो. मग तो पहिला घोट. मखदूमांच्या हातातल्या पेल्यापासून जामा मशिदीच्या तळ्यापर्यंत दिवसभर जे फक्त पाहिले, ते आता घशाखाली उतरते. पाण्याला चव असते, हे त्या क्षणी कळते.

यानंतर खुशाल मोहम्मद अली रोडला जावे. मालपुवा खावा, फिरनी खावी. फक्त काही साधी पथ्ये पाळावीत. रात्री मशिदींत तरावीहची लांब नमाज चालू असते. सफा रस्त्यापर्यंत आल्या असतील तर त्यांच्यासमोरून जाऊ नये, नमाज पढणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरू नये. दिवसा मशिदी पाहायच्या त्या नमाजेच्या वेळा टाळून, चपला बाहेर काढून, अंगभर कपड्यांत आणि दारावरच्या माणसाला विचारून. स्त्रियांसाठी प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी आहे, तीही आधी विचारावी. शुक्रवारची दुपार टाळावी. रिकाम्या वाट्या रस्त्यावर टाकू नयेत. दुकाने आवरली की पहाटेपूर्वी हा रस्ता झाडायला येणाऱ्यांतही रोजेदार असतात.

भेंडी बाजारावरून जाणाऱ्या उड्डाणपुलावर रोज हजारो गाड्या धावतात. काचेतून त्यांना दोन्ही बाजूंचे मिनार दिसतात, खालची माणसे दिसत नाहीत. त्या पुलाखाली उतरायला एक दिवस पुरतो. सकाळी माहीमला निघालेला पाहुणा रात्री मालपुव्याच्या कढईसमोर उभा राहील, तेव्हा कढईमागचा माणूस दिवसभर कुठे होता आणि त्याने पहिला घोट कधी घेतला, हे त्याला ठाऊक असेल. मग तो कदाचित पैसे देताना सहज विचारेल, ‘रोजा कसा गेला?’ या महिन्यात या रस्त्यावर याहून मोठी मेजवानी नाही.